प्लेगच्या वर्षातले टिळक

(द्वितीय वर्ष कला)

दरवर्षी १ ऑगस्टला आमच्या गावच्या शाळेत लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त भाषणे होत. त्या भाषणांत शेंगा आणि टरफले यांची गोष्ट ठरलेली असे. मी स्वतः चौथीत असताना ती पाठ करून म्हटली होती आणि बक्षीस म्हणून एक दुरेघी वही मिळवली होती. त्यानंतर कित्येक वर्षे टिळक म्हणजे पगडी, उपरणे, करारी डोळे आणि ती गोष्ट, एवढेच माझ्या डोक्यात होते. कॉलेजात आल्यावर इतिहासाच्या तासाला १८९७ सालच्या पुण्यातील प्लेगचा उल्लेख झाला आणि मला माझी आजी आठवली. ग्रंथालयातून टिळकांची चरित्रे आणली, ती वाचली. वाचता वाचता टिळकांविषयी आदर वाढला आणि त्यांच्याशी भांडावेसेही वाटले. हा लेख त्या वाचनातून तयार झाला आहे.

आजी का आठवली, ते आधी सांगते. २०२० साली माझी सातवीची परीक्षा झालीच नाही. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, लोकल बंद झाली, आणि रूळांच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा चिखलोलीकरांना आयुष्यात पहिल्यांदा रात्रीची शांतता ऐकू आली. त्या पावसाळ्यात आजीला ताप आला. आळीच्या तोंडाशी गाडी उभी राहिली. पांढऱ्या पोशाखात नखशिखान्त झाकलेली माणसे उतरली. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. आजी माळ्यावर जाऊन बसली आणि खाली येईना. शेवटी वडिलांनी तिला समजावून खाली आणले. गाडी गेली. दोन दिवस ती कोठे आहे हे आम्हाला नीट कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याच आळीतला एक मुलगा, जो तेथे वॉर्डबॉय म्हणून लागला होता, त्याने स्वतःच्या फोनवरून आमचे तिच्याशी बोलणे करून दिले. तोवर तिने तेथले अन्न तोंडात घातले नव्हते. ओळखीच्या पोराने ताट पुढे केले, तेव्हा ती जेवली. बाराव्या दिवशी ती बरी होऊन घरी आली.

त्या वेळी महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला होता, तो १८९७ सालचा साथरोग कायदा होता. पुण्यात प्लेग माजला असताना इंग्रजांनी केलेला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो कायदा आमच्या आळीपर्यंत आला होता, हे मला फार उशिरा कळले. त्या कायद्याचा पहिला मोठा अंमल ज्या शहराने सोसला, त्या शहरात तेव्हा टिळक होते.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. घराणे मूळचे दापोली तालुक्यातील चिखलगावचे. नावातला चिखल आमच्याही गावाच्या वाट्याला आला आहे, म्हणून ते नाव माझ्या लक्षात राहिले. वडील गंगाधरपंत हे शिक्षक, संस्कृतचे आणि गणिताचे जाणकार. १८६६ साली त्यांची बदली पुण्यास झाली आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई वारल्या. १८७१ साली बाळचे लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. सोळा वर्षांचा हा पोरका मुलगा डेक्कन कॉलेजात दाखल झाला, तेव्हा प्रकृतीने अगदीच किरकोळ होता. त्याने कॉलेजचे पहिले वर्ष जवळजवळ सगळे तालमीत आणि पोहण्यात घालवले. त्या वर्षी अभ्यास मागे पडला, पण शरीर कमावले गेले. पुढे तुरुंगवास आणि मधुमेह या दोहोंना तोंड देताना हेच शरीर त्यांच्या उपयोगी पडले. आरोग्य ही माणसाने स्वतः कमावण्याची वस्तू आहे, हा धडा त्यांनी तरुणपणीच घेतला होता, असे म्हणता येईल.

१८७६ साली ते बी. ए. झाले, १८७९ साली एल्‌एल. बी. झाले. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. तिच्याऐवजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्याबरोबर त्यांनी शिक्षणाचे काम पत्करले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज, अशी ही चढती कमान होती. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. एका कोठडीत बसून देशाची चर्चा करणारे हे दोन मित्र पुढे एकमेकांचे कडवे विरोधक झाले. त्यांच्या भांडणाचे मूळ आपल्या विषयाशी अगदी निगडित आहे.

आगरकरांचे म्हणणे असे की, समाज आतून सुधारल्याशिवाय स्वराज्याला अर्थ नाही, आणि सुधारणेसाठी कायद्याची मदत घ्यावी लागली तरी घ्यावी. टिळकांना हे मान्य नव्हते. परक्या सरकारला आपल्या घरात, आपल्या धर्मात हात घालू देणे म्हणजे गुलामगिरीची कडी आणखी घट्ट करणे, असे ते मानत. टिळक धर्मनिष्ठ होते. जुन्या चालीरीतींना शक्यतो धक्का लावू नये, अशी त्यांची वृत्ती होती. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा तेथील अभ्यासक्रमावर त्यांच्या पत्रांनी कडक टीका केली. मुलींना इंग्रजी धर्तीचे उच्च शिक्षण देऊ नये, असा त्या टीकेचा रोख होता. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून पुण्यात गदारोळ झाला. चहा घेणाऱ्यांत टिळकही होते. पुढे त्यांनी प्रायश्चित्त घेतले. समाजाच्या चौकटीबाहेर एकट्याने उभे राहणे त्यांना नको होते. समाज जेथे आहे, तेथेच उभे राहून त्याला पुढे न्यावे, अशी त्यांची पद्धत होती.

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी १८९१ साली लागली. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली होती. त्यानंतर सरकारने संमतिवयाचे बिल आणले. दहा वर्षांची मर्यादा बारावर न्यावी, एवढाच त्या कायद्याचा मुख्य मुद्दा. वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर हा आरोग्याचा कायदा होता. लहान मुलींच्या जिवाचा तो प्रश्न होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या संस्कृत पंडितांनी शास्त्राधारे त्याचे समर्थन केले. टिळकांनी शास्त्राधारेच त्यांना विरोध केला. सभा झाल्या, पत्रके निघाली, पुण्यात सुधारकांची सभा उधळली गेली. कायदा १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाला.

येथे टिळकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. बालविवाह चांगला, असे ते म्हणत नव्हते. मुलीचे लग्न सोळा वर्षांआधी करू नये आणि मुलाचे वीस वर्षांआधी करू नये, असे बंधन सुधारकांनी स्वतःहून लिहून द्यावे, आपणही देतो, अशी सूचना त्यांनी १८९० साली केली होती. त्यांचा आक्षेप सुधारणेला कमी आणि सरकारच्या दंडुक्याला जास्त होता. पण हे सगळे समजून घेऊनही माझे मन मानत नाही. स्वखुशीची प्रतिज्ञा ज्या घरात पोचणार नव्हती, त्या घरातल्या मुलीने काय करायचे? तिला कोणी विचारलेच नव्हते. स्वराज्य आधी की सुधारणा आधी, हा वाद पुरुष पुरुषांत चालला होता आणि ज्या देहाविषयी तो चालला होता तो दहा वर्षांचा होता. माझ्या आजीचे लग्न तेराव्या वर्षी झाले. आईचे सतराव्या वर्षी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. मुलींचे हायस्कूल नको म्हणणाऱ्या लेखणीविषयी मला आदर वाटला तरी त्या जागी तिच्याशी सहमत होता येत नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या पुण्यात त्या वेळी आगरकरच बरोबर होते, असे मला वाटते.

१८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि ते पूर्णपणे सार्वजनिक कामात आले. १८९३-९४ पासून त्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा पुरस्कार केला. १८९५ साली रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ सुरू केली आणि १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. सुशिक्षितांच्या अर्जविनंत्यांत अडकलेले राजकारण त्यांनी देवळाच्या ओट्यावर आणले. लोकांना जे पवित्र वाटते, त्याच्याच आधाराने त्यांना एकत्र करता येते, हे त्यांनी ओळखले होते. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी पाठवली. सरकारच्याच दुष्काळ संहितेत शेतकऱ्याला कोणते हक्क दिले आहेत, हे त्या माणसांनी शेतकऱ्यांना समजावून सांगितले. दंगा करू नका, पण कायद्याने जे तुमचे आहे ते मागायला भिऊ नका, अशी ती शिकवण होती. निषेधाचा हा मार्ग त्या काळी नवा होता.

त्या वर्षीच प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा आजार प्रथम ओळखला. गोदीजवळच्या धान्याच्या वखारी, त्यांतले उंदीर आणि दाटीवाटीच्या चाळी यांमुळे साथ वणव्यासारखी पसरली. लोक गाठोडी बांधून मुंबई सोडू लागले. कल्याण, बदलापूर, कर्जत करीत बोरघाट चढणारी गाडी पुण्याला जाई. आज आपण ज्या रूळांवरून कॉलेजला येतो, त्याच मार्गाने माणसांबरोबर रोगही वर चढला, असे म्हणायला हरकत नाही.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे १८९७ साली कोणालाच ठाऊक नव्हते. पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत ते दाखवले आणि सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षे लागली. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, पण ती अजून नवी होती. म्हणजे सरकार अंधारात चाचपडत होते. चाचपडणाऱ्याने जपून पावले टाकावीत. येथे उलट झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. तो अगदी छोटा, पण अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार देणारा होता. आणि त्या कायद्यान्वये चांगल्या हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येत नव्हता.

पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड नेमले गेले. मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. आजारी माणूस सापडला की इस्पितळात न्यायचा, घरच्या धडधाकट माणसांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचे, सामानसुमान जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना फासायचा, असा हा कार्यक्रम. यातील पुष्कळशा गोष्टी त्या काळच्या शास्त्राला धरून होत्या. पण सोजीर बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात जात. बायकांची तपासणी चारचौघांत होई. कोणाला कोठे नेले याचा घरच्यांना पत्ता लागत नसे. इस्पितळ म्हणजे परत न येण्याची जागा, अशी समजूत झाली. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसाला लपवू लागले. रोग शोधायला आलेली माणसेच रोग लपवायला कारण झाली. मुंबईत तर १८९६ च्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता.

टिळकांसारख्या धर्माभिमानी पुढाऱ्याने अशा वेळी काय करावे अशी आपली अपेक्षा असते? १८९१ सालच्या टिळकांवरून अंदाज बांधला, तर त्यांनी सगळ्याच उपायांना विरोध केला असता असे वाटेल. पण तसे झाले नाही. मला टिळकांचे मोठेपण येथे दिसते. त्यांनी सुरुवातीपासून लोकांना सांगितले की रोग खरा आहे, इस्पितळे आवश्यक आहेत, आजाऱ्याला वेगळे ठेवणे भाग आहे, स्वच्छता पाळलीच पाहिजे. जे प्रतिष्ठित लोक पुणे सोडून पळाले, त्यांना त्यांनी ‘केसरी’तून खडसावले. स्वतः कुटुंबासह शहरात राहिले. शोधपथकांबरोबर स्थानिक माणसे असावीत, म्हणजे लोकांची भीती कमी होईल आणि सोजिरांवरही डोळा राहील, असा आग्रह धरला आणि स्वतः त्या कामात फिरले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. हिंदूंसाठी एक स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभारले. त्यासाठी वर्गणी जमवली, माणसे जमवली. तेथे रोग्यांच्या खाण्यापिण्याचे, सोवळ्याओवळ्याचे नियम सांभाळले जात, म्हणून जे लोक सरकारी इस्पितळात पाऊल टाकायला तयार नव्हते ते तेथे येत. टिळक रोज तेथे जात, रोग्यांची विचारपूस करीत. विलगीकरणाच्या छावणीत त्यांनी मोफत अन्नछत्राची सोय केली. सुधारकाला कदाचित हे इस्पितळ मागासलेले वाटले असते. रोगाला कसले सोवळे, असे तो म्हणाला असता, आणि तर्काने ते बरोबरही होते. पण मरणाच्या भीतीने गांगरलेल्या माणसाशी तर्काने बोलता येत नाही. त्याला ओळखीचे ताट आणि ओळखीचा हात लागतो. हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी आमच्या घरात पाहिले होते.

याच दिवसांत पुण्याजवळ आणखी एक दवाखाना चालू होता आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. टिळक आणि सावित्रीबाई यांची मते दोन ध्रुवांवरची होती. एकाने आचारविचार सांभाळून रोग्याला जवळ केले, दुसरीने ते ओलांडून जवळ केले. पण शहर सोडून न जाता, रोग्याच्या उशाशी उभे राहायचे, यात दोघांचे एकमत झाले. आपल्या पुस्तकांत ही दोन इस्पितळे वेगवेगळ्या धड्यांत येतात. माझ्या मते ती एकाच धड्यात यायला हवीत.

उपाय हवेत, पण अत्याचार नकोत, हे टिळकांचे दुसरे म्हणणे. सोजिरांच्या वागणुकीविषयी तक्रारी येऊ लागल्या तसतशी ‘केसरी’ची भाषा तिखट झाली. सरकारकडे अर्ज गेले, त्यांची दाद लागली नाही. पंडिता रमाबाई तर ख्रिस्ती झालेल्या आणि टिळकांच्या टीकेचा विषय. पण त्यांनीही पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या होणाऱ्या हालांविषयी वृत्तपत्रातून आवाज उठवला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोजिरांवर गंभीर आरोप केले, परत आल्यावर पुरावा देता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांचे एकमेकांशी पटत नव्हते अशा सनातनी, सुधारक, ख्रिस्ती सगळ्यांना एकच गोष्ट बोचत होती. औषध देणाऱ्याने माणसाचा मान राखला नव्हता.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या बंगल्यावर होती. मध्यरात्रीच्या सुमारास परतणाऱ्या रँड यांच्यावर दामोदर चापेकर व त्यांचे बंधू बाळकृष्ण यांनी पाळत ठेवून गोळ्या झाडल्या. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला मरण पावले. चापेकर बंधूही धर्माचे कडवे अभिमानी. दामोदर १८९८ साली, बाळकृष्ण व वासुदेव १८९९ साली फाशी गेले. एकाच आईचे तीन मुलगे.

सरकारला या खुनामागे टिळकांचा हात असल्याचा संशय होता, पण पुरावा नव्हता. तेव्हा ‘केसरी’त जूनमध्ये आलेल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला भरला गेला. २७ जुलै १८९७ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष ठरवले. शिक्षा दीड वर्ष सक्तमजुरीची झाली. मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये ते मुदतीआधी सुटले. तुरुंगात जाताना ते पुण्याचे पुढारी होते. बाहेर आले ते देशाचे पुढारी होऊन.

टिळकांनी खून करायला सांगितले असे कोणी सिद्ध केले नाही. पण धारदार शब्दांची जबाबदारी किती, हा प्रश्न उरतोच. राग पेटवणारे लेखन वाचून कोणीतरी पिस्तूल उचलले, तर लिहिणाऱ्याचा त्यात काहीच वाटा नाही का? उलट, सरकारने सगळे अर्ज केराच्या टोपलीत टाकले, तर राग कोठे जाणार? आमच्या वर्गात यावर तासभर वाद झाला आणि सर शेवटी हसत हसत बाहेर गेले. मला इतकेच वाटते की टिळकांच्या हातात त्या वर्षी निषेधाची दोन साधने होती. एक लेखणी, दुसरे इस्पितळ. लेखणीची आठवण सगळ्यांना आहे. इस्पितळाची आठवण फारशी कोणाला नाही. पण सरकारला लोकांशी कसे वागावे हे खऱ्या अर्थाने दाखवून दिले ते इस्पितळाने.

पुढचे आयुष्य सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. प्लेग १८९७ मध्ये संपला नाही. तो पुढे पुष्कळ वर्षे येत राहिला. १९०३ साली टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. तेव्हा ताईमहाराज प्रकरणाच्या कोर्टकचेऱ्या चालू होत्या, तरी त्यांनी काम थांबवले नाही. ज्या रोगाशी त्यांनी दुसऱ्यांच्या घरात झुंज दिली, तो शेवटी त्यांच्या घरात शिरला. १९०५ नंतर स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ आली. १९०८ साली पुन्हा राजद्रोहाचा खटला आणि सहा वर्षांची शिक्षा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. मंडालेच्या तुरुंगात मधुमेहाशी झगडत, पथ्य सांभाळत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. तेथे असतानाच १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्याची बातमी त्यांना कळली. १९१४ साली सुटका, १९१६ साली होमरूल लीग आणि लखनौ करार. १९१८ साली विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. तेथे टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले, परंतु वैयक्तिक आचरणाच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. १८९० साली सुधारकांकडून वैयक्तिक प्रतिज्ञा मागणाऱ्या टिळकांनी २८ वर्षांनी स्वतः प्रतिज्ञा टाळली, हे वाचून मन खट्टू होते. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात त्यांचे निधन झाले. गिरगावच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. भर पावसात लाखो लोक लोटले होते.

मग टिळकांविषयी काय म्हणावे? त्यांना नुसता नमस्कार करून मोकळे होणे सोपे, आणि नुसते प्रतिगामी म्हणून बाजूला सारणेही सोपे. १८९१ आणि १८९७ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली तर मला असे दिसते की, दोन्ही वेळा टिळक एकच गोष्ट म्हणत होते. सुधारणा लोकांच्या घरात जबरदस्तीने शिरू नये. प्लेगच्या वेळी हे म्हणणे बरोबर ठरले, कारण त्यांनी दुसरा मार्ग तयार करून दिला आणि त्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. संमतिवयाच्या वेळी ते चुकले, कारण घर म्हणजे घरातला कर्ता पुरुष नव्हे, त्या घरात एक लहान मुलगीही असते, हे त्यांनी हिशेबात धरले नाही. जिथे दुर्बल माणूस घराबाहेरच्यांपासून वाचवायचा होता, तिथे टिळक भिंतीसारखे उभे राहिले. जिथे तो घरातल्यांपासूनच वाचवायचा होता, तिथे ते पाठ फिरवून उभे राहिले.

साथरोग कायदा अजूनही आहे. २०२० साली त्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर व आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षेची तरतूद झाली. ती योग्यच आहे. पण रोग्याच्या घरच्यांना तो कोठे आहे हे सांगितले पाहिजे, त्याच्याशी बोलू दिले पाहिजे, असा हक्क कायद्याने स्पष्ट लिहून दिला असता तर माझ्या आजीचे ते दोन दिवस उपाशी गेले नसते.

२०२१ साली लस आली तेव्हा आळीतल्या म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ अफवा होत्या. आजीही नाही म्हणत होती. मग तोच वॉर्डबॉय मुलगा एका सकाळी घरी आला, चहा घेतला, स्वतःचा दंड दाखवला आणि तिला आपल्या मोटरसायकलवर बसवून केंद्रावर घेऊन गेला. आजीला टिळकांचे इस्पितळ ठाऊक नाही. हा लेख छापून आला की मी तिला वाचून दाखवणार आहे. टिळकांनी मुलींच्या शिक्षणाविषयी काय लिहिले होते, तो भागही गाळणार नाही.